हात लागलाच नव्हता

भाची धावत आली, माझ्या खुर्चीमागे तिचा पाय अडखळला आणि तोल सावरायला तिने खुर्चीच्या पाठीला हात टेकला. खुर्चीच्या पाठीला. माझा उजवा खांदा तिथून चांगला वीतभर लांब होता. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून तो हात येताना मला दिसला आणि खांद्यापासून कोपरापर्यंत अशी सणक गेली, की तोंडातून ‘आई गं’ निघून गेलं आणि मांडीवरचं पुस्तक खाली पडलं. आठ वर्षांची पोर जागच्या जागी थिजली. मग अगदी हळू म्हणाली, ‘मावशी, मी हात लावलाच नाही.’ खरं होतं तिचं. तरी खांदा पुढची वीस मिनिटं ठणकत राहिला. त्या दिवसापासून ती माझ्याकडे डाव्या बाजूने येते. असं कर म्हणून तिला कुणी सांगितलेलं नाही.

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बिचारी घाबरून स्वतःची बाजू सांगत होती. मला मात्र ते आरोपासारखं ऐकू आलं. न लागता दुखलं म्हणजे काय? मी नाटक केलं? नाटक म्हणावं तर मुठीत घट्ट धरलेला खांदा आणि कपाळावरचा घाम कुणाला दाखवायला होता? खोलीत आम्ही दोघीच. रात्री कूस बदलताना ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. (कूस बदलताना म्हणतेय खरी, पण दोन वर्षं मला एकच कूस उरली आहे, डावी.)

दोन वर्षांपूर्वी जिन्याची शेवटची पायरी संपली असं वाटून मी पाऊल टाकलं आणि ती संपलेली नव्हती. उजव्या हातावर पडले. खांद्यातला एक स्नायूबंध थोडा फाटला. तीन महिन्यांत बरं वाटेल, असं सांगितलं गेलं. हात झोळीत अडकवला, मग सोडवला, मग दोरी आणि कप्पी घेऊन व्यायाम. तीन महिने झाले, सहा झाले, वर्ष झालं. दुखणं कमी व्हायचं सोडून ऐसपैस पसरलं. आधी खांद्यात एका जागी बोट ठेवून दाखवता यायचं, नंतर मान, पाठीचं पातं, दंड, मनगट. केस विंचरताना कळ, पिशवी उचलताना कळ, आणि काहीच न करता बसलं तर रग. मग दुसरा एमआरआय झाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि हसून म्हणाले, ‘छान भरून आलंय, आता काळजीचं काही नाही.’ लिफाफा घेऊन बाहेर आले तेव्हा मला रडू येत होतं आणि ते आनंदाचं नव्हतं. आधीच्या लिफाफ्यात निदान पुरावा होता. लोकांना सांगता येत होतं, अमुक फाटलंय. आता माझ्याकडे दुखणं होतं आणि ते खोटं पाडणारा कागदही माझ्याच हातात होता.

तो कागद मी आधी एकदा पाहिला होता. माझा नव्हे, थोरल्या मावशीचा.

थोरली मावशी आमच्याकडे राहायची आणि तिचं सगळं अंग दुखायचं. सगळं म्हणजे खरोखर सगळं. सकाळी पोटऱ्या, दुपारी कंबर, संध्याकाळी कुठे कुठे. कपड्यांच्या गळ्याशी शिवलेली कापडी चिठ्ठी तिला टोचायची, म्हणून नवा कपडा आला की आधी कात्री शोधायची. चादरीला सुरकुती राहिली तर तिला झोप लागत नसे. तिची चादर ओढून सपाट करायचं काम आम्हा मुलांकडे होतं आणि आम्ही ते दात विचकत करायचो, ‘राणीसरकारांचा पलंग’ म्हणून. रक्त तपासून झालं, फोटो काढून झाले, सगळं ठीक निघालं. सतरा वर्षांची असताना, अकलेचा कांदा होते तेव्हा, मी तिला म्हणाले होते, ‘मावशी, रिपोर्ट तर नॉर्मल आहेत. मनाचं आहे तुझ्या.’ ती काही बोलली नाही. तिने उशीला हात घालून ती थोडी डावीकडे सरकवली, एवढंच मला आठवतं.

दवाखान्यात दर वेळी एक कागद पुढे येतो. शून्य ते दहा अशी पट्टी. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढं. मी बहुतेक वेळा सहावर खूण करते, का ते मलाही सांगता येणार नाही. सहा म्हणजे नेमकं काय? आपल्या भाषेत दुखण्याला किती नावं आहेत! कळ येते, चमक निघते, सणक जाते, उसण भरते. ठणका लागतो. गळू ठसठसतं, खरचटलं की चुरचुरतं, डोळ्यात खुपतं, पाय भरून येतात, अंग मोडून येतं. सल तर शरीरात असतो की मनात, हे भाषेने मुद्दामच मोघम ठेवलेलं दिसतं. आणि ‘दुखणं’ हा एकच शब्द वेदनेलाही चालतो आणि आजारालाही. रोनाल्ड मेल्झॅक या मानसशास्त्रज्ञाने रुग्णांच्या तोंडचे असेच शब्द गोळा केले आणि १९७५ मध्ये ७८ शब्दांची एक प्रश्नावली छापली. अमुक इतकं दुखतं यापेक्षा ‘कसं’ दुखतं यात जास्त माहिती असते, हे त्याला उमगलं होतं. जळजळतं, करंट लागल्यासारखं होतं म्हणणाऱ्याची नस दुखावलेली असण्याची शक्यता जास्त. माझी अडचण अशी, की माझे शब्द रोज बदलत होते. पडले तेव्हा कळ होती, मग ठणका झाला, मग आग. आता बऱ्याचदा तिला नावच सापडत नाही.

वेदनेविषयी आपल्या सगळ्यांच्या डोक्यात जे चित्र असतं ते फार जुनं आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या मृत्यूनंतर, १६६४ मध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या ग्रंथात एक मुलगा विस्तवाजवळ पाय घेऊन बसलेला आहे. पायापासून मेंदूपर्यंत एक बारीक दोरा. विस्तव पायाला चटका देतो, दोरा ओढला जातो आणि वर घंटा वाजते. पायात जेवढी इजा, वर तेवढा घंटानाद. हे चित्र अगदीच चूक नाही, म्हणून तर ते इतकं टिकलं. पलंगाच्या पायाला करंगळी आपटली की काय होतं ते आठवा. आधी एक लख्ख, धारदार चमक. मग क्षणभर विचित्र शांतता, ज्यात आपल्याला पक्कं माहीत असतं की आता येतंय. आणि मग तो जाडसर, मळमळणारा ठणका. ते दोन वेगवेगळे तंतू असतात. पहिल्यावर पातळ वेष्टण असतं, तो निरोप सेकंदाला पाच ते तीस मीटर वेगाने नेतो. दुसरा उघडा आणि बारीक, सेकंदाला जेमतेम मीटरभर रांगत येणारा. करंगळी मेंदूपासून फार लांब आहे, म्हणून मधली ती शांतता. इथवर दोरा आणि घंटा ठीक चालतात.

पण करंगळी आपटल्यावर आपण लगेच ती मुठीत धरून चोळतो. का चोळतो? इजा तर चोळल्याने कमी होत नाही. देकार्तच्या दोऱ्याकडे याचं उत्तर नाही. ते १९६५ मध्ये मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी सुचवलं. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत एक दार असतं, म्हणाले. दुखण्याचे निरोप त्यातून वर जातात, पण स्पर्शाचे निरोप तिथे गर्दी करून ते दार लोटू शकतात. शिवाय वरून मेंदूही ते दार ढकलू शकतो, कधी बंद, कधी सताड उघडं. त्यांच्या सिद्धान्तातले तपशील पुढे बरेच बदलले, दार मात्र राहिलं. म्हणजे निरोप पायापासून डोक्यापर्यंत जसाच्या तसा जात नाही. वाटेत त्याच्यावर सही-शिक्का होतो, काटछाट होते, पदरची भर घातली जाते.

माझ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी वैतागले होते. मला व्यायाम हवे होते, व्याख्यान नको होतं. पण ‘भर घातली जाते’ हे शब्द डोक्यात राहिले. भर घालायची सवय मज्जारज्जूला लागते कशी, याचा धागा १९८३ मध्ये सापडला. वॉल यांच्याच सोबत लंडनमध्ये काम करणाऱ्या क्लिफर्ड वूल्फ यांनी उंदरांच्या पायाला इजा झाल्यावर पाय झटकण्याची प्रतिक्रिया मोजली. तोवर समज अशी, की जखमेच्या जागची टोकं हुळहुळी होतात म्हणून नंतर हलकासा धक्काही दुखतो. ते होतंच. पण बदल तेवढाच नव्हता, मज्जारज्जूसुद्धा बदलला होता. आत येणारा निरोप लहान आणि तिथून निघणारा मोठा. मज्जारज्जूतल्या पेशींवर काही बारीक दारं (मघाचं दार वेगळं) अशी असतात की एरवी त्यांच्यात मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं. निरोपांचा मारा सतत चालू राहिला की ते बूच निघतं, पेशी भडकतात आणि पुढच्या साध्या निरोपालाही मोठ्याने ओरडून उत्तर देतात. शेजारच्या पेशीही त्या ओरडण्यात सामील होतात. मग दुखणं जखमेची हद्द ओलांडून पसरतं. आणि ज्या स्पर्शाला दुखण्याचं काहीच कारण नाही, तोही दुखण्याच्या रांगेत जाऊन उभा राहतो. वारा. पाण्याची धार. कपड्याच्या गळ्याशी शिवलेली चिठ्ठी. चादरीची सुरकुती.

बाई हे बोलत होत्या आणि मी खिडकीबाहेर बघत होते. ‘कळतंय ना?’ त्यांनी विचारलं. मी मान हलवली. मला मावशीची कात्री दिसत होती.

बरं, हा भडका वाईटच असतो असंही नाही. ताज्या जखमेभोवतीचा भाग हुळहुळा झाला नाही तर आपण ती आपटत राहू, भरून येऊ देणार नाही. दुखणं ही राखण असते. बहुतेकांच्या बाबतीत जखम भरत आली की राखणदार आपोआप शांत होतात. काहींच्या बाबतीत होत नाहीत. आमचं एक जुनं कुत्रं होतं, घरात एकदा कुणी परका शिरल्यानंतर ते पानाच्या सळसळीवर भुंकायला लागलं आणि भुंकता भुंकताच म्हातारं झालं. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, ही म्हण मज्जासंस्थेला अक्षरशः लागू पडते, फक्त ती ताक फुंकत नाही, ताक बघूनच तोंड भाजून घेते. कुणाची राखण शांत होते आणि कुणाची नाही, यात झोपेचा हात असतो, जुन्या धास्तींचा असतो, आनुवंशिकतेचा असतो. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी दुखणं चढतं हे मला दोन वर्षांत तोंडपाठ झालंय. दुखण्याने झोप मोडते हेही. या दोन वाक्यांच्या मध्ये मी राहते.

पण हे सगळं मान्य केलं तरी वीतभर लांबच्या हाताचं काय? तो मज्जारज्जूपर्यंत पोचलाच नव्हता. तिथून काही निरोप गेलाच नव्हता.

१९९५ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एका बांधकाम कामगाराची हकिगत छापून आली. वय २९. उडी मारली ती थेट पंधरा सेंटीमीटर लांबीच्या खिळ्यावर, खिळा बुटातून आरपार. खिळा जरा हलला तरी तो विव्हळत होता, गुंगीचं आणि वेदनाशामक औषध द्यावं लागलं. खिळा खालून ओढून काढला, बूट उतरवला, तर खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला. पायाला ओरखडाही नाही. ही गोष्ट लोक हसत सांगतात. मला हसू आलं नाही. त्याच्या मेंदूकडे काय होतं? बुटातून वर आलेलं टोक, लोकांचे चेहरे आणि असा खिळा पायात गेला तर काय होतं याचं आयुष्यभराचं ज्ञान. मेंदूने हिशेब केला आणि वेदना दिली. अंधारात दोरी पाहून साप म्हणून दचकणाऱ्याची धडधड काही खोटी नसते. उलट दिशेचंही घडतं. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या डॉक्टरने गंभीर जखमी सैनिकांना विचारलं, वेदनेवर औषध हवं का, आणि त्यातले बरेच जण नको म्हणाले. आघाडीवरून जिवंत सुटलो, हाही हिशेबात आलेला एक आकडा होता.

इथे नेहमी एक घोटाळा होतो आणि तो मी स्वतः केलेला असल्यामुळे मला त्याची चीड आहे. वेदना मेंदू घडवतो, असं म्हटलं की ऐकणारा ‘मनाचे खेळ’ असं ऐकतो. मग सल्ले सुरू होतात, छान विचार कर, मन दुसरीकडे गुंतव. मला रात्रीची एक बारीक गोळी लिहून दिली तेव्हा मी घरी येऊन तिची घडीची चिठ्ठी वाचली, तर ती मूळची नैराश्यावरची निघाली. इतका अपमान वाटला की चार दिवस घेतलीच नाही. नंतर कळलं, मेंदूतून खाली मज्जारज्जूकडे येणारे काही तंतू दुखण्याला लगाम घालतात आणि ही गोळी, नैराश्यापेक्षा पुष्कळ कमी मात्रेत, त्या लगामाला बळ देते. लगाम म्हणजे कल्पना नव्हे, रसायन आहे. १९७८ मध्ये अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. औषध म्हणून ज्यांना नुसतंच निरुपद्रवी पाणी टोचलं होतं, त्यांच्यातल्याही काहींना आराम पडला. मग अफूच्या जातीच्या औषधांचा असर पुसणारं दुसरं औषध दिलं, तर त्या लोकांचा आराम गेला. म्हणजे ‘मनाच्या समाधानाने’ बरं वाटलेल्या त्या माणसांच्या शरीराने स्वतःची अफू तयार केली होती. जे मनात घडतं ते अंगात घडतच असतं. आणि लगाम घालणाऱ्या वाटेवरूनच टाचही मारता येते. भीती वाटली, लक्ष तिथेच खिळलं, की मेंदू निरोप मोठा करूनच मागवतो. भाचीचा हात येताना दिसला तेव्हा माझ्या मेंदूने निरोपाची वाटच पाहिली नाही. दोन वर्षांच्या अनुभवावर उत्तर आधीच लिहून ठेवलेलं होतं.

एमआरआयच्या लिफाफ्यावरचा माझा विश्वासही त्यानंतर उडाला. १९९४ मध्ये पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांच्या कण्याचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिकांच्या मणक्यांमधली किमान एक चकती फुगलेली निघाली. त्यांना पत्ताही नव्हता. म्हणजे चित्रात दिसतं ते दुखेलच असं नाही आणि दुखतं ते चित्रात दिसेलच असं नाही. (याचा अर्थ तपासण्या करू नयेत, असा कुणी काढू नका. नवं दुखणं, वाढत जाणारं, तापासकट किंवा वजन घटवत आलेलं, ते तपासायलाच हवं. मी बोलतेय ते तपासून झाल्यावरच्या रिकामपणाबद्दल.) त्या रिकामपणाला हल्ली नाव आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये तिसऱ्या जातीच्या वेदनेला मान्यता दिली. पहिली इजेची, दुसरी दुखावलेल्या नसेची आणि तिसरी ही, जिथे वेदनेची यंत्रणाच बदललेली असते. २०२० मध्ये त्याच संघटनेने वेदनेची व्याख्या सुधारली आणि सोबतच्या टिपांत एक साधं वाक्य घातलं, की एखादी व्यक्ती मला वेदना होतेय असं सांगत असेल तर त्या सांगण्याचा मान राखावा. किती साधं वाक्य! ते लिहायला २०२० उजाडावं लागलं. मावशी त्याआधी अकरा वर्षं गेली.

मी तिची माफी मागितली असती का, हे मला ठामपणे सांगता येत नाही. माझा खांदा धड असता तर बहुधा नाहीच. आणि आता तिच्याबद्दल जे वाटतं त्यातलं किती तिच्यासाठी आहे आणि किती माझ्यासाठी, तेही वेगळं काढता येत नाही. आमच्या घरात मागच्या पिढीत एक दुखरी मावशी होती, या पिढीत ती जागा माझ्याकडे आली आहे. परवा नवा कुडता घालण्याआधी मी कात्री शोधत होते.

फिजिओथेरपिस्ट बाई म्हणतात, राखणदाराला हाकलता येत नाही, त्याला पटवावं लागतं. रोज थोडंसं, दुखेल न दुखेल इतकंच. हात भिंतीवर बोटांनी चढवायचा, कालच्या खुणेच्या नखभर वर. घाई केली तर तो भुंकतो आणि दोन दिवस वाया जातात. अगदी केलंच नाही तर खूण खाली सरकते. सहा महिन्यांत माझी खूण कानापासून डोक्याच्या थोडी वर आली आहे. यातलं किती व्यायामाने, किती गोळीने आणि किती आपोआप, देव जाणे.

गेल्या रविवारी भाची आली तेव्हा मीच विषय काढला. म्हटलं, त्या दिवशी तू हात लावला नव्हतास, तुझं बरोबर होतं. ती म्हणाली, ‘मग दुखलं कसं?’ मी तिला कुत्र्याची गोष्ट सांगितली. तिने ती फार गंभीरपणे ऐकली आणि विचारलं, ‘त्याला माझा वास देऊन बघायचा का?’ मग तिने स्वतःच खेळ काढला. खुर्चीच्या पाठीच्या अगदी डाव्या टोकाला एक बोट ठेवलं. ‘इथे दुखतं?’ नाही. बोट थोडं सरकलं. ‘इथे?’ नाही. पाठीच्या मध्यावर आलं तेव्हा खांद्यात काहीतरी जागं झालं, ते मी तिला सांगितलं. ती थांबली, बोट न उचलता, आणि तोंडाने हळूहळू आकडे मोजायला लागली. वीसपर्यंत मोजून झाल्यावर म्हणाली, ‘झोपला का गं तो?’

‘डोळे मिटतोय,’ मी म्हटलं.

बोट पुन्हा सरकलं. आता खांदा चार बोटांवर होता. मी मान वळवून त्या बोटाकडे बघत राहिले. नखावर स्केचपेनची निळी शाई होती.